जमीन कोणाची? पॅलेस्टाइनच्या हक्काचे कागद कसे वाचावेत

ज्यू आणि अरब यांच्यातल्या जमिनीच्या वादात ‘ऐतिहासिक हक्क’ हा शब्द सर्रास वापरला जातो आणि त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. इथे पूर्वी कोण राहत होतं, हा एक प्रश्न. इथे राज्य कोणाचं होतं, हा दुसरा. आणि अमुक गावातला अमुक तुकडा कोणाच्या ताब्यात आणि नावावर होता, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर उत्खननात आणि जुन्या ग्रंथांत मिळतं, दुसऱ्याचं तहांत आणि करारांत, तिसऱ्याचं महसुली दप्तरात. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी पुढे केला की चर्चा तिथेच फसते, आणि बहुतेक चर्चा अशाच फसतात.

पहिला प्रश्न त्यातल्या त्यात सोपा. इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, म्हणजे इ. स. पूर्व 1208च्या सुमारास, ‘इस्रायल’ नावाच्या लोकांचा उल्लेख आहे. 1993 मध्ये तेल दान इथे सापडलेल्या, इ. स. पूर्व नवव्या शतकातल्या लेखात दावीदच्या घराण्याचं नाव येतं. बॅबिलोनी सैन्याने इ. स. पूर्व 586च्या सुमारास पहिलं मंदिर पाडलं, रोमनांनी इ. स. 70 मध्ये दुसरं, आणि 135 मध्ये ज्यू नेता बार कोखबाचं बंड मोडून काढलं. त्यानंतर जेरुसलेमच्या परिसरातली ज्यू वस्ती खचली, पण देशातून ज्यू संपले नाहीत. गॅलिलीत ते राहिले. जेरुसलेम तालमूद म्हणून ओळखला जाणारा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ मुख्यतः तिबेरियासला सिद्ध झाला. सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या सफेद या गावी योसेफ कारो यांनी ज्यू धर्मशास्त्राची जी संहिता रचली ती आजही प्रमाण मानतात. ‘ज्यू बाहेरून आले, त्यांचा इथे काही संबंध नव्हता’ हे म्हणणं या पुराव्यापुढे टिकत नाही. युरोपातले ज्यू मुळात खझार, म्हणजे ज्यू धर्म स्वीकारलेले तुर्की वंशाचे लोक, होते, हा त्याचाच जोडभाऊ असलेला सिद्धांतही आनुवंशिक अभ्यासांत टिकलेला नाही.

उलट बाजूचा गैरसमज तितकाच जुना आहे. खलिफा उमरच्या काळात, 637-38च्या सुमारास, जेरुसलेम मुस्लिम सत्तेखाली आलं, म्हणून ‘अरब सातव्या शतकात वाळवंटातून आले’ असं सांगितलं जातं. सत्ता आली हे खरं, पण रयत बदलली नाही. तिथे आधीपासून असलेल्या ख्रिस्ती, ज्यू आणि शोमरोनी (ज्यूंशी जवळीक असलेला एक प्राचीन पंथ) शेतकऱ्यांची भाषा हळूहळू अरामी आणि ग्रीकवरून अरबी झाली, आणि अनेकांचा धर्म पुढच्या काही शतकांत बदलला. अरबी बोलणाऱ्या जमाती तर इस्लामच्या आधीपासून दक्षिणेकडे होत्या. नेगेव्हमधली नबाती शहरं त्याची साक्ष आहेत. आजच्या पॅलेस्टिनी खेडुतांचे पूर्वज मोठ्या प्रमाणात याच मातीतले आहेत.

गावांची नावं पाहिली की दोन्ही दावे एकाच पुराव्यावर कसे उभे राहतात ते कळतं. बैसान म्हणजे बेथ शान, सैलून म्हणजे शिलो, अनाता म्हणजे अनाथोथ, अल-जीब म्हणजे गिबोन. 1838 मध्ये एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन अभ्यासक अरबी गावांची नावं विचारत फिरला आणि बायबलमधली कितीतरी ठिकाणं त्याने त्यांवरून ओळखली. अल-जीबची ओळख पुढे उत्खननात पक्की झाली, कारण तिथे गिबोनचं नाव कोरलेले घड्यांचे कान सापडले. ज्यू वाचक म्हणतो, हा आमच्या गावाचा पुरावा. अरब वाचक म्हणतो, अडीच हजार वर्षं ते नाव तोंडात कोणी जपलं? दोघांचं बरोबर आहे. पण अल-जीबच्या कुठल्या शेताचा मालक कोण, हे त्या घड्याच्या कानावरून ठरत नाही.

‘पॅलेस्टाइन नावाचा देश कधी नव्हताच’ हे वाक्य दुसऱ्या प्रश्नात मोडतं. नाव जुनं आहे. हेरोडोटसने ते इ. स. पूर्व पाचव्या शतकात वापरलं, रोमनांनी बंडानंतर प्रांताला सीरिया पॅलेस्टिना म्हटलं, आणि अरब राजवटीत जुंद फिलस्तीन नावाचा लष्करी जिल्हा होता, त्याचं ठाणं रामला. ऑटोमन काळात मात्र या नावाचा एकसंध प्रांत नव्हता. 1872 पासून जेरुसलेमचा जिल्हा थेट इस्तंबूलच्या अखत्यारीत होता. नाब्लुस आणि अक्का हे जिल्हे पुढे बैरूत प्रांतात गेले. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या ब्रिटिश राजवटीच्या नाण्यांवर इंग्रजी आणि अरबीत पॅलेस्टाइन लिहिलेलं असे, आणि हिब्रूत ‘पलेस्टिना’ पुढे कंसात ‘एरेत्झ इस्रायल’ची, म्हणजे ‘इस्रायलची भूमी’ची, दोन आद्याक्षरं. स्वतंत्र राज्य नव्हतं म्हणून राहणाऱ्यांचे हक्क नव्हते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ऑटोमन काळात त्या भागात स्वतंत्र सीरिया, लेबनॉन किंवा जॉर्डनही नव्हतं.

ब्रिटिशांच्या आश्वासनांचा घोळ एका शब्दावर येऊन थांबतो, आणि तो शब्द प्रत्येकाने एकदा तरी नीट पाहावा. 24 ऑक्टोबर 1915च्या पत्रात इजिप्तमधले ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री मॅकमाहोन यांनी मक्केच्या शरीफ हुसैनना अरब स्वातंत्र्याला पाठिंबा देताना काही प्रदेश वगळले: दमास्कस, होम्स, हमा आणि अलेप्पो या ‘जिल्ह्यांच्या’ पश्चिमेचा सीरियाचा भाग. अरबी पत्रात तिथे ‘विलायत’चं अनेकवचन होतं. विलायत म्हणजे प्रांत धरला, तर सीरिया प्रांत थेट अकाबापर्यंत पसरलेला असल्यामुळे पॅलेस्टाइन त्याच्या पश्चिमेला येतं आणि वगळलं जातं; 1922च्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिशांनी हीच बाजू घेतली. विलायत म्हणजे शहराभोवतीचा मुलूख धरला, तर त्या चार शहरांच्या पश्चिमेला लेबनॉनचा किनारा येतो, पॅलेस्टाइन नाही. होम्स आणि हमा हे मुळात प्रांत नव्हतेच, त्यामुळे दुसरा अर्थ मला जास्त सरळ वाटतो. तोवर ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं 2 नोव्हेंबर 1917चं पत्र आलं होतं. त्यात ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ हे शब्द आहेत, राज्य हा शब्द नाही. आणि बाकीच्या रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांचा उल्लेख आहे, राजकीय हक्कांचा नाही. 1922 मध्ये राष्ट्रसंघाने मंजूर केलेल्या मँडेटच्या, म्हणजे ब्रिटिशांना दिलेल्या कारभाराच्या अधिकारपत्राच्या, प्रस्तावनेत ज्यूंचा या भूमीशी असलेला ऐतिहासिक संबंध मान्य केला गेला. अरबांचं तिथे नाव घेऊन वर्णनच नाही.

लोकसंख्येचे आकडे उद्धृत करताना एक सावधगिरी. ऑटोमन नोंदी ऑटोमन प्रजेच्या होत्या. परदेशी पासपोर्टवर, एखाद्या वकिलातीच्या संरक्षणाखाली राहणारे ज्यू त्यांत येत नाहीत, म्हणून ज्यूंचा आकडा कमी दिसतो. बायका आणि लहान मुलं कमी नोंदली जात, म्हणून अरबांचाही आकडा कमी दिसतो. पहिली आधुनिक जनगणना 1922ची: एकूण 7,57,182, त्यात ज्यू 83,794, म्हणजे साधारण 11 टक्के. 1931 मध्ये एकूण लोकसंख्या दहा लाखांवर गेली आणि ज्यूंचं प्रमाण 17 टक्क्यांच्या आसपास आलं. ‘रिकामी जमीन’ हे वर्णन या आकड्यांत कुठेच बसत नाही.

आता तिसरा प्रश्न. इथेच खरं काम आहे, आणि इथेच सगळ्यांत कमी लोक पोचतात.

1858च्या ऑटोमन जमीन कायद्याने जमिनीचे पाच प्रकार केले. मुल्क म्हणजे पूर्ण खासगी. ती बहुधा गावठाणातली घरं, परसं आणि बागा एवढीच. मिरी म्हणजे जिची अंतिम मालकी सरकारची, पण कसण्याचा, विकण्याचा आणि वारसांना देण्याचा हक्क कसणाऱ्याचा. शेतजमीन बहुतेक याच प्रकारची. वक्फ म्हणजे धर्मदाय. मतरूका म्हणजे रस्ते, खळी, गायरानं अशी सार्वजनिक वापराची जमीन. आणि मवात, शब्दशः ‘मेलेली’: कोणाच्याही ताब्यात नसलेली, आणि वस्तीच्या टोकाला उभं राहून मोठ्याने मारलेली हाक जिथे ऐकू येत नाही इतकी लांब. कायद्यात हे अंतर दीड मैल किंवा अर्ध्या तासाची चाल असं दिलेलं आहे.

मिरी जमिनीबद्दलची दोन कलमं पाठ असावीत. कलम 78: दहा वर्षं निर्वेध वहिवाट केली तर कागद नसला तरी हक्क मिळतो. कलम 68: योग्य कारणाशिवाय सलग तीन वर्षं जमीन पडीक ठेवली तर हक्क धोक्यात येतो. एका हाताने देणारी आणि दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही कलमं आजतागायत वेस्ट बँकमध्ये लागू आहेत. इस्रायलने आपल्या हद्दीत 1958च्या कायद्याने दहा वर्षांची मुदत वाढवली, म्हणजे वहिवाटीवर हक्क सांगणं आणखी अवघड झालं.

नोंदणी तापू, म्हणजे जमीन नोंदणी, कार्यालयात होई आणि मिळणाऱ्या कागदाला अरबीत कुशान म्हणतात. शेतकऱ्यांनी नोंदणी टाळली, कारण नाव दप्तरात चढलं की पाठोपाठ कर आणि सैन्यभरती येणार ही भीती होती. कुणी क्षेत्र कमी दाखवलं, कुणी शहरातल्या प्रतिष्ठिताच्या नावावर जमीन चढवली. त्यामुळे कुशान हातात आला की तीन गोष्टी तपासाव्या लागतात. चतुःसीमा: त्या शेजाऱ्यांच्या नावांनी, ओढ्याने किंवा ‘रस्त्याने’ दिलेल्या असतात आणि शेजारी बदलला की सीमा हरवते. क्षेत्र: जुना दुनम सुमारे 919 चौरस मीटरचा, 1928 पासूनचा मेट्रिक दुनम 1000चा, म्हणजे नुसत्या एककाच्या चुकीने आठ टक्के फरक पडतो. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर सीमा मोठी आणि क्षेत्र लहान निघण्याची शक्यता जास्त. आणि हिस्सा: अनेक गावांत जमीन मुशा पद्धतीने सामाईक असे, दर एक-दोन किंवा जास्त वर्षांनी तुकड्यांची अदलाबदल होई. अशा कागदावर तुकडा नसतो, गावाच्या जमिनीतला हिस्सा असतो, बहुधा 24 किराताच्या मापात, म्हणजे संपूर्ण जमीन 24 भाग धरून. त्यावर बोट ठेवून ‘हे शेत माझं’ म्हणता येत नाही, आणि ‘याच्याकडे शेत नव्हतं’ असंही म्हणता येत नाही.

कुशान नसेल तर करपावती आणि करनोंदीचा उतारा पुढे येतो. तो उतारा ताबा दाखवतो, मालकी सिद्ध करत नाही. पण बाकीच्या पुराव्यांशी जुळला तर वजनदार ठरतो.

ब्रिटिशांनी 1928 मध्ये मोजणी करून हक्क ठरवण्याचं काम सुरू केलं: गावाचे ब्लॉक, ब्लॉकचे पार्सल, हरकती ऐकून अंतिम नोंद. असा ब्लॉक-पार्सल क्रमांक असलेला उतारा हा या दप्तरातला सर्वांत भक्कम कागद. पण काम किनाऱ्याच्या सपाटीवर आणि खोऱ्यांत आधी झालं, जिथे खरेदी-विक्री जोरात होती. डोंगराळ भाग आणि नेगेव्ह 1948 पर्यंत तसेच राहिले. जॉर्डनने वेस्ट बँकमध्ये ते काम पुढे चालवलं, सुमारे एक तृतीयांश भाग उरकला, आणि 1968 मध्ये इस्रायलच्या लष्करी आदेशाने ते थांबलं.

यातूनच आकडेवारीतली सर्वांत मोठी गफलत होते. 1948च्या आधी ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण 263 लाख दुनमांपैकी साधारण 6 ते 7 टक्के होती. अरब प्रचारक उरलेली सगळी अरबांची धरतात. त्यात नेगेव्हचं वाळवंट आणि सार्वजनिक जमीनही येते. इस्रायली प्रचारक उरलेल्यातली नोंद असलेली तेवढीच अरबांची धरतात आणि बाकीची ‘सरकारी’ म्हणून बाजूला काढतात. ‘नोंद नाही’ म्हणजे ‘मालक नाही’ असं ब्रिटिश प्रशासनही मानत नव्हतं. ज्या देशाची मोजणीच अपुरी होती, तिथे नोंदीचा अभाव हा कारकुनीचा पुरावा आहे, मालकीचा नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं आणि सांगायलाच हवं.

ज्यूंनी घेतलेली जमीन मात्र रोख पैसे मोजून, खरेदीखत करून घेतलेली होती. 1948च्या आधीच्या त्या व्यवहारांना ‘चोरी’ म्हणणं चूक आहे. दुखणं दुसरीकडे होतं. 1872 मध्ये बैरूतच्या सुरसुक घराण्याने इझ्रेलच्या खोऱ्यातली गावंच्या गावं ऑटोमन सरकारकडून घेतली. 1920च्या दशकात त्यांनी ती योहोशुआ हांकिन यांच्यामार्फत ज्यू संस्थांना विकली. विकणारा बैरूतमध्ये, घेणारा नवा, आणि मधोमध पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळं. खरेदी रिकाम्या ताब्याची, म्हणजे कुळं उठवून मगच जमीन हाती घ्यायची, अशी असे. 1920च्या नियमाप्रमाणे कुळाला पोटापुरती जमीन ठेवायला हवी होती, पण कुळाला आधीच भरपाई देऊन उठवलं की नियम आपोआप चुकवला जाई. 1929 मध्ये जमिनीऐवजी नोटीस आणि पैशांची भरपाई आली, 1933 मध्ये कुळांना थोडं जास्त संरक्षण. ज्यू राष्ट्रीय निधीने, म्हणजे 1901 साली स्थापन झालेल्या संस्थेने, घेतलेली जमीन परत विकायची नाही आणि भाडेपट्टाही ज्यूंनाच, असा तिचा दंडक. 1930 मध्ये ब्रिटिश अधिकारी होप सिम्पसन यांनी आपल्या अहवालात याच अटीवर बोट ठेवलं: अशी जमीन अरबांसाठी कायमची बाजारातून जाते. त्याच काळातल्या वादी हवारिसच्या प्रकरणात मालकाच्या कर्जापोटी न्यायालयाने लिलाव केला, निधीने 1929 मध्ये जमीन घेतली आणि 1933 मध्ये कुळं हलवली गेली. खत कायदेशीर, आणि माणसं बेघर. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी खऱ्या होत्या. एक सांगताना दुसरी लपवणारा लेखक वाचकाची फसवणूक करतो.

नेगेव्हमध्ये मवातचा प्रश्न पेटतो. बेडुइन जमातींकडे आपापल्या जमिनींच्या पारंपरिक सीमा होत्या, खरेदी-विक्री होई, कर भरला जाई, पण कुशान क्वचित. 1921 मध्ये ब्रिटिशांनी मवात जमीन परवानगीशिवाय लागवडीखाली आणणाऱ्यांना नोंदणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. बहुतेकांनी ती घेतली नाही. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984च्या अल-हवाशला निकालात त्या जमिनी मवात, म्हणून सरकारच्या, ठरवल्या आणि 2015च्या अल-उक्बी निकालात तीच भूमिका कायम ठेवली. सगळा वाद इथे एका गोष्टीवर फिरतो: ‘वस्ती’ म्हणजे पक्क्या घरांचं गाव, की तंबूंचा कायमचा तळही वस्ती? हाक मारायची ती कुठून, हेच आधी ठरवावं लागतं.

वेस्ट बँकमध्ये इस्रायली सर्वोच्च न्यायालयाचा, एलोन मोरे या वसाहतीबद्दलचा 1979चा निकाल कलाटणी देणारा ठरला. सुरक्षेचं कारण दाखवून खासगी जमीन वसाहतीसाठी घेणं न्यायालयाने रद्द केलं. त्यानंतर सरकारने ‘सरकारी जमीन’ जाहीर करण्याचा मार्ग धरला: नोंद नसलेली जमीन घ्यायची, हवाई छायाचित्रांत सलग लागवड दिसते का पाहायचं, नसेल तर जाहीरनामा. डोंगरउतारावर खडकांच्या मधून नांगरट होते. अशा तुकड्याचा अर्ध्याहून कमी भाग लागवडीखाली दिसला तर तो सगळाच पडीक धरला जातो. ज्या गावात दगडच जास्त, तिथे या नियमाने शेतकरी हरतो, मग त्याने कितीही वर्षं नांगर धरलेला असो. हरकत घ्यायची तर लष्करी अपील समितीपुढे, ठरलेल्या मुदतीत, मोजणीचा नकाशा आणि करउतारे जोडून. जाहीरनामा कळायलाच उशीर झाला की मुदत गेलेली असते. दावेदारांना सर्वांत उपयोगी पडणारी छायाचित्रं म्हणजे पहिल्या महायुद्धातली जर्मन विमानांनी 1917-18 मध्ये टिपलेली आणि ब्रिटिश हवाई दलाची 1944-45ची. मात्र उन्हाळ्याच्या शेवटी, पीक निघाल्यावर काढलेल्या छायाचित्रात कसलेलं रानही ओसाड दिसतं. तारीख पाहिल्याशिवाय छायाचित्रावर विसंबू नये.

जेरुसलेममध्ये दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. 1950च्या अनुपस्थितांच्या मालमत्ता कायद्याने, 29 नोव्हेंबर 1947 नंतर शत्रुराष्ट्रांत किंवा त्यांच्या ताब्यातल्या भागात गेलेल्यांची इस्रायलमधली मालमत्ता कस्टोडियनकडे, म्हणजे सरकारने नेमलेल्या ताबेदाराकडे, गेली; देशातच, पण दुसऱ्या गावी गेलेलेही त्यात ‘अनुपस्थित’ ठरले. 1970च्या कायद्याने पूर्व जेरुसलेममधली 1948पूर्वीची ज्यू मालमत्ता मूळ मालकांना परत मागता येऊ लागली. पश्चिम जेरुसलेममधली घरं गमावलेल्या पॅलेस्टिनींना ती सोय नाही. पूर्व जेरुसलेमच्या रहिवाशांसाठी 1973 पासून भरपाईची तरतूद आहे, घराची नाही.

पूर्व जेरुसलेममधला शेख जर्राह हा मोहल्ला त्याचं जिवंत उदाहरण. 1870च्या दशकात शिमोन हत्झद्दिक या प्राचीन ज्यू धर्मगुरूंच्या समाधीजवळची जमीन दोन ज्यू समित्यांनी घेतली. 1956 मध्ये जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथे 28 निर्वासित कुटुंबांना घरं दिली. त्यांतल्या अनेकांची स्वतःची घरं 1948 मध्ये इस्रायलच्या बाजूला राहिली होती. घरं नावावर करून देण्याचं आश्वासन जॉर्डनने पुरं केलं नाही. 1972 मध्ये समित्यांनी नोंद करून घेतली, 1982च्या तडजोडीत रहिवाशांना संरक्षित भाडेकरू मानलं गेलं, आणि ती तडजोड आपल्या संमतीशिवाय झाली असं रहिवासी म्हणत राहिले. 1 मार्च 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार कुटुंबांना हटवण्याला स्थगिती दिली: तिथल्या जमिनीचे हक्क अधिकृत मोजणीत निश्चित होईपर्यंत त्यांनी तिथेच राहावं. दीडशे वर्षांच्या कागदांनंतरही प्रकरण मोजणीपाशीच येऊन ठेपलं.

1948 मध्ये गेलेल्या जमिनींसाठी अजून एक दप्तर आहे, आणि त्याची फारशी दखल घेतली जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइन समेट आयोगाने 1950 आणि 60च्या दशकांत ब्रिटिश नोंदींच्या मायक्रोफिल्मवरून अरब मालकांची सुमारे साडेचार लाख नोंदपत्रं तयार केली: गाव, ब्लॉक, पार्सल, मालक, हिस्सा, क्षेत्र, 1947च्या हिशोबाने किंमत. ज्याच्याकडे कुशान आहे त्याने गावाच्या नावाचं स्पेलिंग अरबी, इंग्रजी आणि हिब्रू अशा तिन्ही लिप्यांत लिहून घ्यावं, आजोबांचं नाव वडिलांच्या आणि पणजोबांच्या नावासह द्यावं, आणि हिस्सा किरातात असेल तर तो अपूर्णांकात मांडावा. नाहीतर नोंद असूनही सापडत नाही. या नोंदपत्रांची भिस्त ब्रिटिश दप्तरावर असल्यामुळे मोजणी झालेल्या किनारपट्टीवर ती नेमकी आहेत, डोंगराळ गावांत करनोंदींवर टेकलेली, आणि नेगेव्हमध्ये सर्वांत विरळ.